हॉल १६ बाय १४. झुंबर किती इंची घ्यावं?

कुर्टीचो_कुटुंबी · १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ घराचं काम शेवटाला आलंय. रंगारी गेला की दिवे, आणि तिथेच आमचं घोडं अडलंय.

हॉल १६ बाय १४ फूट, स्लॅब साडेदहा फुटांवर. फॉल्स सीलिंग नाही, करायचंही नाही. बाबांची (वय ७४) आयुष्यभराची एक हौस आहे, हॉलमध्ये झुंबर. लहानपणी नारळ पाडणीच्या दिवशी ते आजोबांबरोबर एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरी जायचे. तिथल्या सालात (दिवाणखान्यात) दारातून दिसणारं एक झुंबर होतं, ते डोक्यातून गेलेलंच नाही. 'अर्धं छप्पर व्यापलं होतं,' असं सांगतात.

काल मडगावात एका दुकानात गेलो. दुकानदाराने खोलीचं माप न विचारताच ४२ इंची पुढे केलं, 'मोठ्या हॉलला हेच शोभतं.' बाबा खूश. बायको म्हणते २४ इंची पुरे, नाहीतर घराचं मंगल कार्यालय होईल. मी मध्ये उभा, हातात टेप.

जेवणाच्या टेबलावर (६ बाय साडेतीन फूट) एक लहान लावायचाही विचार आहे. कुणी मापाचा हिशेब सांगेल का?

उंडो_भाजी · रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या फ्लॅटात ट्यूबलाईट आहे आणि तीही फडफडते, पण वाचायला मजा येणार.

कौलारू · रात्री १०:३०

मी आर्किटेक्ट आहे, रोज कुणीतरी हे विचारतंच.

खोलीची लांबी-रुंदी फुटांत घ्या, बेरीज करा आणि तोच आकडा इंचांत वाचा. १६ आणि १४, तीस. म्हणजे ३० इंच व्यास. यामागे शास्त्र काही नाही, नुसता ठोकताळा आहे, पण सहसा फसवत नाही. झुंबराच्या स्वतःच्या उंचीसाठी छताच्या दर फुटाला अडीच ते तीन इंच धरा. तुमच्याकडे २६ ते ३१ इंच होतात.

आता लोक जिथे चुकतात ती गोष्ट. सगळ्यात खालचा लोलक जमिनीपासून ७ फुटांच्या वर हवा. साडेदहातून सात गेले, उरले साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच. त्यात २८ इंची झुंबर आणि १४ इंच साखळी बसली की जागा संपली. दुकानातून साखळी लांबच येते. ती किती तोडायची हे वायरमनला आधी सांगा, नाहीतर तो आहे तशी टांगतो आणि पहिल्या उंच पाहुण्याच्या कपाळाला लोलक लागतो.

जेवणाच्या टेबलाला खोली विसरा, टेबल मोजा. टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोन-तृतीयांश व्यास. तुमचं टेबल ४२ इंच रुंद, म्हणजे २१ ते २८. मी २२ घेईन, कारण टेबलाशी उठता-बसता माणूस पुढे झुकतो. टेबलापासून खालचं टोक ३० ते ३६ इंच वर ठेवतात, पण ते ८ फुटी छताला. पुढच्या दर फुटाला ३ इंच वाढवायचे. तुम्ही ४० धरा.

साखळीकर · रात्री ११:०५

कौलारूताई, आदर आहे, पण हा हिशेब ज्यांच्या खोलीत पंखा नसतो त्यांचा आहे.

माझा १५ बाय १५ चा हॉल. बेरीज करून बरोबर ३० इंची आणलं. हुक एकच, मधोमध. पंखा उतरवला, झुंबर चढवलं. फेब्रुवारीपर्यंत ठीक चाललं. मार्च ते जून आम्ही सगळे बेडरूममध्ये, हॉल फक्त बघायला. पाहुणे आले की वर्तमानपत्राने वारा घेत झुंबराची स्तुती करायचे.

मग दोन बाजूंना दोन पंखे बसवले. ४८ इंची. दिवे पात्यांच्या खाली, त्यामुळे छतावर पात्यांच्या सावल्या गरगर फिरायला लागल्या. आईला चक्कर यायची. शेवटी भिंतीवरचे दोन पंखे लावले, दिसायला सलूनसारखे, पण माणसं परत हॉलमध्ये आली. तेव्हा आधी पंख्याची जागा ठरवा, उरलेल्या जागेत झुंबर.

कौलारू · रात्री ११:२०

पंख्याचं शंभर टक्के मान्य. गोव्याच्या दमटपणात पंख्याशिवाय हॉल म्हणजे शिक्षा आहे. १६ फुटांच्या बाजूने दोन्ही टोकांना भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर पंखे घ्या. रॉड शक्य तितका आखूड ठेवा, म्हणजे पाती छताच्या जवळ फिरतील आणि सावली पसरणार नाही. पंखा चार फुटांवर असेल, तर पात्याचं टोक सहा फुटांवर येतं. ३० इंची झुंबर पावणेसात फुटांवर सुरू होतं, ९ इंच मोकळे राहतात. ४२ इंची घेतलंत तर ३ इंच.

उंडो_भाजी · रात्री ११:२४

३ इंच म्हणजे पहिल्याच वाऱ्याला शुभविवाह.

वायरमन_पेडणे · १३ मे, सकाळी ७:१०

२० वर्षं हेच काम करतो. सगळे व्यास विचारतात, वजन कोणी विचारत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

१) पंख्याचा हुक स्लॅबच्या सळ्यांना बांधलेला असेल तर हलकं झुंबर घेतो. प्लास्टिकच्या डब्यात नुसता अडकवलेला असेल तर काही घेत नाही. खात्री नसेल तर हुक विसरा.

२) २० किलोच्या वर गेलं की स्लॅबला ड्रिल मारून अँकर फास्टनर (आत घट्ट बसणारा बोल्ट), वेगळी पट्टी, आणि साखळीबरोबर एक स्टीलची दोरी जादा. साखळीचा एक दुवा उघडला तरी झुंबर दोरीवर राहतं.

३) पीओपीला, जिप्समला काहीही टांगू नका. अगदी काहीही.

४) कौलारू घर असेल तर तुळईला स्क्रू मारू नका. आरपार भोक पाडून बोल्ट, वरून मोठा वॉशर.

समुद्राजवळच्या एका घरात पंखा काढताना हुक हातात आला. वरून रंग मारलेला होता, आत गंजून काडी झालेली. तुमचं घर नवीन आहे म्हणून भीती नाही, पण जुन्या घरवाल्यांनी बघून घ्या. आणि हुकाला लोंबकळून तपासणी करू नका. एकाने केली होती. हुक टिकला, तो स्टुलावरून पडला.

आजीचा_माळा · सकाळी ८:४५

वायरमनभाऊंचा चौथा मुद्दा वाचून आमचं जुनं घर आठवलं. आमच्या झुंबराला तुळईत कप्पी होती आणि दोरी भिंतीतल्या पितळी कड्याला गुंडाळलेली. मेणबत्त्यांचा काळ, रोज खाली उतरवायचं, लावायचं, परत वर ओढायचं. वीज आल्यावर दोरी गेली आणि त्याबरोबर पुसणंही गेलं. कारण पुसायला खाली कोण आणणार?

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. कुर्टीकरबाबा, पुसणार कोण?

म्हापशाचा_शुक्रवार · सकाळी ९:३०

आजी, जखमेवर बोट ठेवलंत.

आमचं २६ इंची, ९६ लोलक. मोजलेत, कारण दर पावसाळ्यानंतर एकेक काढून मीच पुसतो. तारेचे बारीक हुक दोन वर्षांत हिरवे पडले, काही तुटले. आता स्टीलचे लावलेत. पहिल्याच वर्षी पितळी दांड्याला समईसारखं आमसोल चोळलं. वरचं लॅकर गेलं आणि तिथून जो हिरवा डाग सुरू झाला तो आजतागायत आहे. लॅकरवाल्या पितळेला फक्त कोरडं मऊ कापड, लक्षात ठेवा.

लोलकांना डिस्टिल्ड वॉटर तीन भाग आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, कापडावर घेऊन. झुंबरावर थेट फवारायचं नाही, होल्डरमध्ये उतरतं. आधी एमसीबी पाडायचा, खाली गादी अंथरायची. गादीचं महत्त्व तिसरा लोलक फुटल्यावर कळलं.

दुसरं म्हणजे वाट्या. आमच्या झुंबराला वर तोंड केलेल्या काचेच्या वाट्या आहेत. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीची पाखरं आली आणि सगळी त्या वाट्यांत. सकाळी आठही वाट्यांत बोटभर पंख. दुसऱ्या दिवशी पाल आली आणि तिने तिथेच मुक्काम केला. रात्री दिवा लावला की भिंतीवर तिची हातभर सावली. मुलं घाबरायची, नंतर तिचं नाव ठेवलं.

गोव्यात खाली तोंडाच्या शेड्स घ्या, नाहीतर नुसते उघडे मेणबत्ती-बल्ब.

फोंतेंयची_खिडकी · सकाळी १०:१५

नाव काय ठेवलं ते सांगा आधी.

म्हापशाचा_शुक्रवार · सकाळी १०:१८

काउंटेस.

ताळगावचो_तो · सकाळी ११:४०

मला मुळात हेच कळत नाही की झुंबर कशाला? ही पोर्तुगीज बड्या घरांची फॅशन. चांदरचं ब्रागांझा घर पाहिलंत? तिथल्या नृत्यदालनात संगमरवरी फरशी, रंगवलेलं छत, त्यात ती झुंबरं शोभतात. आपण चौदा फुटांत तेच कोंबायला जातो. एक चांगला साधा दिवा लावा, बिल कमी येईल.

साखळीकर · दुपारी १२:१०

पोर्तुगीज कसं? कवळ्याला शांतादुर्गेच्या सभामंडपात मान वर करून कधी बघितलं नाही का? मंगेशीला? हंड्या-झुंबरांशिवाय आपलं देऊळ पुरं होतं का? काच बाहेरून आली असेल, हौस इथलीच.

ताळगावचो_तो · दुपारी १२:१९

सभामंडपात शोभतंच. म्हणून घराचा सभामंडप करायचा का, हा माझा मुद्दा.

साखळीकर · दुपारी १२:२१

तुमचा मुद्दा बिलाचा होता.

कौलारू · दुपारी १:००

बिलाचं म्हणाल तर, आठ बल्बांचं झुंबर पूर्वी ४० वॅटच्या बल्बांनी ३२० वॅट खायचं. आता ४ वॅटचे एलईडी लावले की ३२. पंखाही याहून जास्त खाऊ शकतो. रंग मात्र २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. पांढऱ्या प्रकाशात लोलक बर्फाच्या कारखान्यासारखे दिसतात. आणि डिमर लावणार असाल तर डिमरवर चालणारे बल्ब आहेत का ते खोक्यावर बघा, नाहीतर लुकलुकतात.

ताळगावकरांच्या बोलण्यात तथ्य आहे हेही सांगते. नियमाने ३० येतं म्हणून ३० घ्यायलाच हवं असं नाही. भरगच्च काचेचं ३० इंची डोळ्यांना जड वाटतं, तेच बारीक दांड्यांचं मोकळं ३४ सुद्धा हलकं वाटतं. आकडा व्यासाचा असतो, डोळा वस्तुमान बघतो.

कुर्टीचो_कुटुंबी · रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ३० वर तडजोड होईल असं वाटत होतं, पण 'तीस म्हणजे खेळणं' असा निकाल आलाय. पुसण्याच्या प्रश्नावर घरात शांतता पसरली.

कुळागर_काकी · रात्री ९:२५

दोन दिवस वाचतेय, एकानेही विचारलं नाही. चवथीला गणपती कुठे बसतो?

कुर्टीचो_कुटुंबी · रात्री ९:३१

हॉलमध्येच. १६ फुटी भिंतीला, मधोमध.

कुळागर_काकी · रात्री ९:५५

मग माटोळी कुठे टांगणार, पुता?

आमची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, भिंतीपासून ५ फूट पुढे येते. पाच फुटी आहे, तिला नारळाची पेंड, केळीचा घड, सुपारीची शिंपटी, कांगलां, माट्टी, घागऱ्यो, कवंडळं, आंबाडे, तोरिंग, सगळं लोंबतं. तुमची खोली त्या बाजूने १४ फूट, झुंबर मध्ये म्हणजे ७ फुटांवर. ४२ इंची झुंबर मधून पावणेदोन फूट मागे येतं, म्हणजे सव्वापाच फुटांवर. माटोळी आणि झुंबर यांच्यात ३ इंच. केळीचा घड लोलकांत जाणार. ३० इंची घेतलंत तरी ९ इंचच.

आणि घुमटाच्या (मडक्यासारख्या वाद्याच्या) आरत्या? वीस माणसं त्या झुंबराखाली उभी राहणार, पोरं खांद्यावर. सात फूट पुरतात का बघा.

जुन्या घरात लाकडी पाट्यांना माटोळीची कडी पिढ्यान्‌पिढ्या असायची. नवीन स्लॅबात लोक एसीचं भोक ठेवतात, माटोळीचे चार हुक विसरतात.

वायरमन_पेडणे · रात्री १०:०२

काकी बरोबर. हुक घालून घ्या. भरलेल्या माटोळीचं वजन झुंबरापेक्षा जास्त असतं.

उंडो_भाजी · रात्री १०:०५

माटोळी थोडी लहान केली तर?

कुळागर_काकी · रात्री १०:०६

तू उंडो खा.

कौलारू · रात्री १०:४०

मी इतकी वर्षं घरांचे आराखडे काढतेय आणि हे आधी विचारलं नाही, याची लाज वाटली. काकी, दंडवत.

यावर उपाय आहे. झुंबर खोलीच्या मध्यावरच हवं असं नाही. सोफा आणि टीपॉय जिथे असेल त्याचा मध्य धरा. दाराच्या बाजूला एक फूट सरकवा, गणपतीच्या भिंतीपासून ८ फुटांवर. २८ इंची असेल तर ते ६ फूट १० इंचांवर सुरू होईल. माटोळीपासून जवळजवळ दोन फूट मोकळे. मात्र नवा अँकर लागेल, मधला हुक वापरता येणार नाही.

आजीचा_माळा · १४ मे, सकाळी ७:५०

आकड्यांनी तुझे बाबा ऐकायचे नाहीत, डोळ्यांनी ऐकतील. घरात छत्र्या असतील ना? फुटपट्टीने उघडी छत्री मोज. मोठी काळी दांडीची असेल ती ४० इंचांच्या आसपास भरते, पोरांची २८-३० ची. उलटी करून हुकाला दोरीने बांध, दांडी वर. खाली सोफ्यावर बाबांना बसव आणि एकेक टांगून दाखव. आम्ही पंख्याचं असंच ठरवलं होतं.

फोंतेंयची_खिडकी · सकाळी ८:१०

आजी, हे जगातल्या एकाही दुकानात कोणी सांगणार नाही.

ताळगावचो_तो · सकाळी ८:३०

छत्रीच ठेवा टांगलेली. स्वस्त. हलके घ्या.

मेरशीची_मी · सकाळी ११:००

अवांतर: आमच्याकडे जिन्यावर दोन मजली उंची आहे. तिथे किती मोठं चालेल?

कौलारू · सकाळी ११:१५

तिथे व्यासापेक्षा लांबी महत्त्वाची. उंच आणि निमुळतं घ्या, एकाखाली एक दोन-तीन कडी असलेलं. खालचं टोक वरच्या मजल्याच्या फरशीच्या पातळीच्या खाली जायला नको, आणि जिन्याच्या कठड्यावरून हात पोचता कामा नये. पुसायचं कसं हे आधी ठरवा. तिथे शिडी लागत नाही, मचाण लागतं.

कुर्टीचो_कुटुंबी · १९ मे, रात्री १०:१५

या आठवड्यात बरंच घडलं, सविस्तर लिहितो.

छत्र्या टांगल्या. आधी बाबांची काळी, ४१ इंच. मी स्टुलावर, बायको दोरी धरून, बाबा सोफ्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांनी मान वर केली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'वटवाघूळ.' नंतर मुलीची गुलाबी टांगली, २८ इंच, कडेला बदकं. ती बघून म्हणाले, 'ही बरी. पण भाटकाराचं असं नव्हतं.'

म्हणून रविवारी त्यांना घेऊन त्या घरी गेलो. साठ-पासष्ट वर्षांनी. नातवाने सालाचं दार उघडून दिलं, खूप आपुलकीने वागला, टेप काढला तर हसला. साल तीस फूट लांब, अठरा रुंद, छत चौदा फुटांवर. झुंबर ३२ इंच. मी दोनदा मोजलं.

बाबा गप्प झाले. मग त्या नातवाने खिडक्या उघडल्या आणि कळलं. एक नव्हतं, ओळीने तीन होती. दारातून तिरकं बघणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला ती एकात एक मिसळून दिसली होती. बाबा मधल्याखाली उभे राहिले आणि मोजले, एक, दोन, तीन. येताना गाडीत म्हणाले, 'तेव्हा आम्हाला आत जाऊ देत नसत ना.'

२८ इंची ठरलंय. खाली तोंडाच्या शेड्स, आठ बल्ब, वजन १४ किलो, खोक्यावर वाचलं. दाराकडे एक फूट सरकवून. माटोळीला चार हुक. टेबलावरचं पुढच्या वर्षी.

कौलारू · रात्री १०:३०

तीस अधिक अठरा, ठोकताळ्याने ४८ यायला हवं होतं. त्यांनी एक ४८ ऐवजी ३२ ची तीन लावली. लांब खोलीला हेच योग्य, उजेडही सारखा पडतो. जुन्या मेस्तांना हे कोणी शिकवलं असेल?

कुळागर_काकी · रात्री १०:४५

बाबांना माझा नमस्कार सांग. हुक चार नको, सहा घाल.

कुर्टीचो_कुटुंबी · चवथीनंतर

धागा वर काढतोय. सहा हुक घातले. माटोळी आणि झुंबरात दोन फूट दोन इंच राहिले, कारण केळीचा घड यंदा लहान मिळाला. आरतीला माझ्या मेव्हण्याचा (६ फूट २) हात वर गेला, लोलकाला लागला नाही. पुसायचं काम लॉटरीने ठरलं. चिठ्ठी माझी निघाली, चारही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं असा मला संशय आहे.

झुंबराची तोडलेली दीड फूट साखळी वाया घालवली नाही, माटोळीच्या एका कोपऱ्याला तीच वापरली.

वायरमन_पेडणे · दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५५

ती साखळी १४ किलोच्या झुंबराची. त्या कोपऱ्याला नारळाची पेंड होती का? फोटो टाका.